तोंडी माप

४ नोव्हेंबर

बारक्या,

माझ्या हातानं झालेल्या वस्तू आधी लिहितो, म्हणजे पुढचं कोण सांगतंय ते तुझ्या ध्यानात राहील. आपल्या वर्कशॉपमधली पहिली लेथ, भंगारातून आणलेल्या सांगाड्यावर उभी केलेली. बेकरीचं कणीक मळायचं यंत्र, बावीस वर्षं झाली, अजून फिरतंय. चौकातल्या घड्याळाचं चौसष्ट दातांचं चाक. तुझी पहिली सायकल, तुझे पाय आखूड म्हणून पॅडलचे दांडे दोन बोटं कमी केलेली. हॉस्पिटलच्या खाटा वरखाली करणारे स्क्रू, चाळीस नग, एकही परत आला नाही. तुझ्या वहिनीच्या कपाटाचं कुलूप, जे तिला अजून उघडता येत नाही. काठीच्या टोकाला बसवलेला आरसा, स्वतःचे तळपाय बघायला. आणि बसल्या जागी मारायची सायकल, गेल्या महिन्यात पुरी केलेली. आठ झाल्या. शाळा सातवीला सुटली. हे सगळं उसन्या पुस्तकांतून आणि वाया घालवलेल्या लोखंडातून शिकलो.

अकरा वर्षांनी पत्र कशाला, असं म्हणशील. तुझी लेक तिच्या काकूला फोन करते, हे तुला ठाऊक नसावं. तिच्यावर ओरडू नकोस. तिच्याकडून कळलं की तुलाही साखर निघाली, इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरनं सिगारेट सोडायला आणि दम लागेल असा व्यायाम रोज करायला सांगितलं, आणि तू त्याला "बघू" म्हणालास. हे "बघू" मी सहा वर्षं म्हटलंय. म्हणून लिहितोय.

सप्टेंबरात लेथवर काम करत होतो. तुझी वहिनी डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. "काय जळतंय हो?" मी म्हटलं, "तेल असेल." ती म्हणाली, "तेल नाही, हे वेगळंय." लोखंडाचा तापलेला कीस माझ्या बुटाच्या फटीतून आत गेला होता. मोजा जळला होता, कातडी जळली होती, आणि मी तिथंच उभा राहून शाफ्टचं माप घेत होतो. मला कळलंच नाही, बारक्या. स्वतःचा पाय जळताना वास बायकोला आला आणि मला नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी आरशात दहाही बोटं मोजतो. मोजायची गरज नसते, तरी मोजतो. साखर आपल्याला बापाकडूनच आली, आणि नानांचा पाय कुठून सडायला लागला होता ते तुलाही आठवत असेल. अंगठ्यापासून.

चौदा ऑक्टोबरला सिगारेट सोडली. दिवसाला बावीस ओढत होतो, एकदम शून्य. व्यायामाला बाहेर चालायचं म्हटलं तर न समजणाऱ्या पायाखाली काय येईल याची धास्ती. म्हणून सायकल केली. पुढं जड चाक, त्याच्यावर चामडी पट्टा, पट्टा आवळायला स्प्रिंगकाटा, आणि फेरे मोजणारा आकडा. डॉक्टर म्हणाला, दम इतपत लागावा की बोलता यावं पण गाता येऊ नये. मी तसाही गात नाही. पाढे म्हणतो. एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणता आला की जोर बरोबर.

आता पद्धत. तलफ आली की अंग थरथरतं, घाम फुटतो, छाती धडधडते, डोकं फिरल्यासारखं होतं. त्या वेळी काही खायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. सायकलवर बसायचं आणि बारा मिनिटं जोर वाढवत न्यायचा. थरथर वाढली तर तलफ झुंजतेय असं समजायचं आणि आणखी मारायचं. तुझ्यासाठी अशीच दुसरी बनवतो, तोवर जुनी सायकल स्टँडवर लावून सुरू कर.

हे लिहून, तारीख घालून, सही करून देतोय. वर्कशॉपचा नियम आठवत असेल. तोंडी माप घ्यायचं नाही. नवा कागद आला की जुन्यावर तांबडी रेघ मारायची आणि ज्यानं काढला त्याला परत पाठवायचा. हा कागद भिंतीला लाव.

दादा

१९ नोव्हेंबर

बारक्या,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

छत्तीस दिवस झाले. एकही नाही. सायकलचा आकडा रोज लिहून ठेवतो. सुरुवातीला बारा मिनिटांत सातशे वीस फेरे व्हायचे, आता नऊशे दहा होतात. पट्टा तीन खाचा आवळलाय. नाडी मोजतो. परवा जिना चढून वर गेलो आणि बोलत बोलत गेलो, तुझी वहिनी बघत राहिली. म्हणाली, "वर पोचल्यावर नेहमी खोकता ना तुम्ही, आज विसरलात काय?"

तलफ मात्र हटत नाही. उलट आता वेळ धरून येते. सकाळी आठला इंजेक्शन, साडेआठला नाश्ता, आणि अकराच्या सुमाराला ही बया हजर. हात असे कापतात की मापाच्या व्हर्निअरवरचा आकडा दोन दोन दिसतो. शर्ट पाठीला चिकटतो. परवा बेकरीवाल्याला काय बोललो कोण जाणे, तो बिचारा मागच्या पावलांनी गेला. मग सायकल. बारा मिनिटांनी उतरतो तेव्हा पाय लटलटतात आणि सगळं लांबून ऐकू येतं. पण जिंकतो.

तुला खरं सांगायचं तर काल एक गंमत झाली. पाढा म्हणत होतो. एकोणतीस सक एकशे चौऱ्याऐंशी म्हटलं. थांबलो, परत म्हटलं. परत चौऱ्याऐंशी. चूक आहे हे कळत होतं, बरोबर काय ते येत नव्हतं. चाळीस वर्षांच्या धुराचा साठा आहे, निघताना डोकं थोडं हलवणारच.

वहिनी म्हणते, "डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी बोलावलं होतं, गेलात का?" मी म्हटलं, "जाऊन काय सांगू? फेरे वाढले, सिगारेट गेली. तो म्हणेल शाबास. ते मीही म्हणू शकतो." "आणि ते बोटाला टोचायचं यंत्र?" ते खणात आहे. आणल्या दिवशी एकाच बोटाच्या रक्ताचे तीनदा आकडे घेतले. १३१, १४२, १२६. असलं मापाचं हत्यार मी वर्कशॉपात ठेवलं असतं का, तूच सांग. दीड वर्षं मी इंजेक्शन त्याच खुणेपर्यंत भरतोय, केसाचा फरक नाही. ते खरं माप.

यावर तिनं एक जुना विषय काढला. तो इथं लिहीत नाही.

पायांना एक सुधारणा केली. पाऊल पॅडलवरून घसरलं तर मला कळत नाही, म्हणून चामडी पट्टे लावले आणि त्यांना बक्कल केलं. एका विशिष्ट बाजूनं दाबून वळवल्याशिवाय उघडत नाही. दहा वेळा ओढून बघितलं, सुटलं नाही. चांगलं झालंय.

दादा

२६ नोव्हेंबर

बारक्या,

हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच. वाचून होईपर्यंत सायकलवर बसू नकोस.

माझं चार नोव्हेंबरचं पत्र रद्द. त्यातली पद्धत चुकीची आहे. थरथर आली की काही न खाता जोर वाढवायचा, हे मी लिहिलं ते चुकलं. माझं चुकलं. तारीख वर आहे, सही खाली आहे. भिंतीवरचा कागद आत्ता काढ.

चोवीस तारखेला अकरा वाजता थरथर आली. नेहमीसारखा बसलो, पाय आवळले, पाढा सुरू केला. पुढचं मला आठवत नाही, वहिनीनं सांगितलं ते लिहितो. ती आली तेव्हा मी पॅडल मारत होतो. डोळे उघडे होते. तिनं हाक मारली, मी पॅडल मारत होतो. तिनं खांदा हलवला, तेव्हा एका अंगावर कलंडलो. पण पाय पट्ट्यात. डोकं खाली, पाय सायकलला बांधलेले, आणि तिला ते बक्कल उघडेना. ती ओढत होती, मी केलेलं बक्कल, सुटणारच नव्हतं. शेवटी पत्रा कापायची कात्री आणून तिनं पट्टे कापले. तिच्या तळहाताला चार टाके आहेत.

हॉस्पिटलात साखर निघाली छत्तीस. त्यांनी शिरेतून साखर दिली तेव्हा मी शुद्धीवर आलो, आणि पहिला शब्द म्हणे "एकशे चौऱ्याऐंशी" म्हटला.

इथली सिस्टर तुझ्या लेकीच्या वयाची आहे. ती म्हणाली, "काका, थरथर सुटली तेव्हा काय खाल्लंत?"

"काही नाही. तलफ होती, दाबली."

"तलफ नव्हती ती. साखर उतरत होती. किती दिवस चाललं होतं हे?"

मी म्हटलं, "तीन आठवडे."

तिनं पेन खाली ठेवलं. "तीन आठवडे तुम्ही साखर उतरलेली असताना सायकल मारत होता?"

मग तिनं समजावलं. सिगारेट सुटली की कित्येकांना इंजेक्शन आधीपेक्षा जास्त लागू पडतं. वर रोजचा व्यायाम साखर जाळतो. दोन्ही चांगलंच. पण खाणं तेवढंच आणि डोसही तेवढाच ठेवला तर साखर खाली जाणार. तलफेची थरथर आणि ही थरथर अंगाला सारखीच वाटते, वरून ओळखू येत नाही. बोटाला टोचूनच कळतं. मी तिला त्या यंत्राचे तीन आकडे सांगितले, १३१, १४२, १२६. ती म्हणाली, "बरं, चुकू दे की. तुमचे छत्तीसचे त्यानं चाळीस दाखवले असते. तेव्हा काय केलं असतंत?" मी म्हटलं, "साखर खाल्ली असती." चाळीस वर्षांत पहिल्यांदा मापाच्या गोष्टीत मी दुसऱ्याचं बरोबर म्हटलं.

नवी पद्धत, तिच्यासमोर लिहितोय, तिनं वाचून बरोबर म्हटलंय. बसण्याआधी बोट टोचायचं. शंभराच्या खाली असेल तर आधी खायचं, मग बसायचं. मध्येच थरथर, घाम, डोळ्यांपुढं अंधारी, काहीही झालं तर तिथंच उतरायचं आणि टोचायचं. टोचायला जमलं नाही तरी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. पंधरा मिनिटांनी परत टोचायचं. एकटं असताना करायचं नाही. पाय बांधायचे नाहीत. आणि सिगारेट सोडतोयस हे तुझ्या डॉक्टरला सांग, डोस तो ठरवेल. तू ठरवू नकोस, मी तर नाहीच नाही.

आता खरी भीती सांगतो. शुद्धीवर आल्या आल्या तुझ्या लेकीला फोन लावायला लावला. ती म्हणाली, "काका, बाबांनी तुमचं पत्र भिंतीला चिकटवलंय. घड्याळ लावून बारा मिनिटं मारतात, परवाच फोनवर सांगत होते. सिगारेटी तीसवरून सातवर आल्यात." तिनं लगेच तुला फोन करून सगळं सांगितलं, आणि तू तिला काय म्हणालास तेही तिनं मला सांगितलं. म्हणालास, "तोंडी माप मी घेत नाही. दादाला म्हणावं, लिहून पाठव."

तुझा फोन जुना, बटणांचा. कागदाचा फोटोही तुला दिसायचा नाही. तू घरात एकटा. लेक दोन दिवसांच्या अंतरावर. हे पत्र आज निघेल, चार दिवसांनी पोचेल. चार दिवस तू माझ्या सहीचा कागद बघून पॅडल मारणार.

तू त्या नियमाचा राग काढतोयस हे कळतं मला. तो नियम ज्या तोंडानं तुझ्या डोक्यावर मारत होतो ते तोंडही आठवतं. पण या वेळी ऐक. लेक सांगतेय ते ऐक.

आणि यादीतली नववी वस्तू. नानांचा पाय. ॲल्युमिनियम आणि चामडं, गुडघ्याखाली, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बसवलेला. हॉस्पिटल देत होतं तो पाय मीच नको म्हटला. नाना म्हणायचे, "टोचतंय रे." मी माप काढून दाखवायचो. माप बरोबर होतं, बारक्या. पण सकाळी ठीक असलेला पाय संध्याकाळी सुजतो हे मी धरलं नव्हतं, आणि नानांनी नंतर बोलायचं सोडून दिलं. जखम झाली, वरचा पायही गेला, मग नाना गेले. तू त्या दिवशी म्हणालास, "त्यांना दुखतंय आणि तू माप दाखवतोस." मी तुला घराबाहेर काढलं. वहिनीनं काढलेला जुना विषय तो हाच.

माझं तेव्हाही चुकलं. हेही लिहून, सही करून देतो.

दादा

३ डिसेंबर

बारक्या,

पोचलं का? एवढंच कळव. कार्डावर एक अक्षर टाक.

लेकीचा फोन दोन दिवस लागत नाही. तुझा वाजतो आणि वाजत राहतो. शंभर कारणं असतील. मी शंभरही मोजली आणि मग एकशे एकावं आलं.

काल बसस्टँडवर गेलो. डॉक्टरनं आठवडाभर प्रवास नको म्हटलंय, वहिनी मागून धावत आली. बाकावर बसलो आणि हात कापायला लागले. टोचलं, अठ्ठ्याण्णव. उतरतेय काय म्हणून बिस्किटं खाल्ली. पंधरा मिनिटांनी एकशे एकवीस, तरी कापतच होते. शेजारच्या टपरीवर सिगारेट घेतली. पेटवली नाही. किती वेळ बोटांत धरून होतो ठाऊक नाही. तुला आवडायचा तोच ब्रँड. मग मोडली.

म्हणजे थरथरी तीन असतात. एक तलफेची, एक साखरेची. दोन्हींवर काहीतरी करता येतं. तिसरी ही. हिचं माप कुठल्याच यंत्रात येत नाही.

वहिनी म्हणाली, "चला घरी. तो तुमच्यापेक्षा शहाणा आहे."

मी म्हटलं, "तो माझ्यासारखाच आहे, म्हणून तर भीती वाटतेय."

कामाला हात लावलेला नाही. लेथवर कापड घालून ठेवलंय. दुपारी टपालवाल्याची सायकल वळली की दाराशी जातो. तो आता लांबूनच मान हलवतो.

दादा

८ डिसेंबर

बारक्या,

पाकीट हातात घेतलं तेव्हा तुझं अक्षर बघून खुर्चीत बसलो. फोडायची हिंमत होईना, वहिनीनं फोडलं. आत माझंच चार नोव्हेंबरचं पत्र. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तांबडी रेघ, वर "रद्द", तुझी सही, तारीख. रेघ फूटपट्टी लावून मारलीयस. मागच्या बाजूचं वहिनीनं मोठ्यानं वाचलं. तू लिहिलेलं इथं उतरवून ठेवतो, म्हणजे माझ्याकडच्या नकलेतही राहील.

"दादा, नवा कागद पोचला. जुना नियमाप्रमाणे परत. तुझ्या दुसऱ्या पत्रात एकोणतीस सक एकशे चौऱ्याऐंशी वाचलं त्याच दिवशी मी सायकलवरून उतरलो. मेला तरी दादा पाढा चुकायचा नाही. एकशे चौऱ्याहत्तर ज्याला येईना त्याचं काहीतरी मोठं बिघडलंय एवढं कळलं, आणि मलाही थरथर होत होती. दवाखान्यात गेलो. साखर चोपन्न निघाली. डॉक्टरनं डोस चार खुणा खाली आणला. पोरीचा फोन आला तेव्हा मी साखर खाऊन बसलो होतो. तिला मुद्दाम सांगितलं नाही, तुझे फोनही मुद्दाम घेतले नाहीत. मला तुझ्या हातचं 'माझं चुकलं' कागदावर हवं होतं, सहीसकट. अकरा वर्षं तोंडी तरी येईल म्हणून बघितलं. नानांचंही लिहिलंस. भिंतीला आता ते लावलंय. सिगारेट: शून्य, दहा दिवस. बारक्या."

मेल्या, किती दिवस मारलंस मला. मी शिव्या द्यायला लागलो, वहिनी हसायला लागली, मग तिचं हसू थांबेना आणि मला समोरचं दिसेना. तिनं हळूच बोट टोचलं माझं, म्हणे, बघून घेते. एकशे एकोणीस. म्हणजे रडूच होतं.

भीती गेली असं समजू नकोस. सकाळी आरसा घेतो, दहा बोटं मोजतो, डाव्या अंगठ्याखाली अजून काहीच कळत नाही. सायकलवर बसतो तेव्हा वहिनी समोर खुर्ची टाकून बसते आणि पाढा ऐकते. चुकलो की उतरवते. पाय मोकळे असतात.

दुसरी सायकल बनवायला आता हात तेवढा स्थिर नाही, म्हणून हीच तुझ्याकडे पाठवतोय. मी रोज दोनदा वहिनीला सोबत घेऊन वर्कशॉपभोवती फेऱ्या मारीन, दम लागायला तेवढं पुरतं. बैठक तुझ्या मापाची करून देतो. कमरेपासून टाचेपर्यंतचं माप पाठव. संध्याकाळी घे, सकाळी नको. लिहून पाठव, सही करून, आणि कुठं टोचतंय वाटलं तर तेही लिही. तोंडी सांगितलंस तरी घेईन.

एक राहिलं. शनिवारी व्यायामाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस आला होता. हॉस्पिटलात कुणीतरी त्याला सांगितलं. तासभर सायकल बघितली, फेरे मोजले, पट्ट्याचं नुसतं कौतुक. मग त्याला ते बक्कल सापडलं, कापलेल्या चामड्यात अडकलेलं. दहा वेळा ओढून बघितलं त्यानं. म्हणाला, "हे कुठं शिकलात?" सायकल, ड्रॉइंगं आणि बक्कल, सगळं मिळून घ्यायला तयार होता. बक्कलाशिवाय नको म्हणाला, मुख्य वस्तू तीच. मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि त्याच्यासमोर लेथच्या शेजारी ऐरणीवर ठेवून हातोड्यानं चपटं केलं. सायकल भावाची आहे म्हणून सांगितलं. तो जाता जाता किमतीचा आकडा परत म्हणाला, मला नीट ऐकू आला नसेल असं वाटून.

नीट ऐकू आला होता. एक लाख ऐंशी हजार.

दादा